वैशाखातली दुपार

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की माणसं उगाच चिडतात. दुपारी बारा ते चार वाद घालायचा नाही, हा आमच्या ह्यांचा नियम. ते गेले, आता वाद घालायलाच कोणी नाही... दुपार सरता सरत नाही.

दोन वाजता मैत्रिणीचा फोन येतो. "माठ भरलास का गं?" एवढंच विचारते, आणि माझे डोळे पाझरतात.

पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार राहतो, हे पाचवीच्या मुलांना मी किती वर्षं शिकवलं! जुन्या माठाची छिद्रं बुजतात. मैत्रीचं मात्र उलट. जुनी झाली की जास्त गारवा देते.

असो. बाहेर बहावा फुललाय.