नव्या गाडीचा भरवसा

घरात नवी वस्तू आली की तिच्याबरोबर भरवसाही आला, असे आपण मानून चालतो. जुने ते कुरकुरणार आणि नवे ते बिनबोभाट चालणार, हा आपला सरळ हिशेब. परंतु भरवसा ही काही पावतीबरोबर मिळणारी वस्तू नव्हे. तो वापराने सिद्ध व्हावा लागतो. आणि न झाल्यास काय करावे, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे आवश्यक आहे.

आम्ही बुऱ्हाणपूरचे. घर तापीकाठच्या या शहरात, काम मात्र असीरगडच्या पलीकडे. गड येथून सुमारे वीस किलोमीटर दूर, आणि वाटेवर मालमोटारींची रात्रंदिवस रीघ. आमच्यासारख्यांच्या घरी मोटारसायकल ही चैन नव्हे. ती थांबली की त्या दिवसाची मिळकत थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

गाडी घेऊन जेमतेम चार महिने झाले होते. सायंकाळ उलटून गेली होती आणि आमच्या पत्नी मागे बसल्या होत्या. असीरगडच्या चढावर एका वळणाशी इंजिन एकाएकी बंद पडले, दिवाही विझला. मागून भरलेली मालमोटार चढत येत होती. तिच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून हा मजकूर लिहावयास आम्ही उरलो. गाडी रस्त्याच्या कडेला ढकलून बटण दाबतो तो ती अशी सुरू झाली, की जणू काही घडलेच नव्हते!

पुढे हा प्रकार वरचेवर होऊ लागला. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी दोनदा नेली. दोन्ही वेळा ती तेथे तासभर उत्तम चालली आणि जॉबकार्डावर 'दोष आढळला नाही' असा शेरा पडला. "साहेब, गाडीत खोट नाही, पेट्रोलच खराब असेल," असे मिस्त्री म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. सन २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते हे खरे आहे. परंतु खराब पेट्रोलाने इंजिन अडखळेल. दिवा कसा विझेल?

येथे जुन्या व नव्या गाड्यांतील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या फटफटीत पेट्रोल टाकीतून आपल्याच भाराने कार्ब्युरेटरमध्ये उतरत असे. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे बी. एस. ६ हे कडक नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींना इंजेक्शनची पद्धत आली. तीत पेट्रोल ढकलणारा पंपही विजेवर चालतो. धूर घटला, पेट्रोलची बचत झाली. पण एखादी तार क्षणभर तुटली, तरी सारेच ठप्प होते.

आमच्या गावचा कुंडी भंडारा पुष्कळांनी पाहिला असेल. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळी, सन १६१५ मध्ये, सातपुड्यातील झिरपे भुयारातून शहरात आणले गेले. पाणी केवळ उताराने वाहते. भुयारावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून आत उतरून कोठे काय अडले आहे ते पाहता येते. त्या कुंड्यांमुळेच चार शतकांनंतरही तेथे पाणी वाहत आहे. नव्या गाडीत असे डोकावणे आपणास शक्य नाही. मग उपाय काय?

आम्ही एक वही केली. गाडी केव्हा बंद पडली, किती किलोमीटर झाले होते, ऊन होते की पाऊस, पेट्रोल कोणत्या पंपाचे, आणि जागा कोणती, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवले. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. एके रात्री आमच्या पत्नी वही चाळता चाळता म्हणाल्या, "अहो, पाहिलेत का? गाडी सरळ रस्त्यावर एकदाही थांबलेली नाही. दर वेळी वळणच आहे."

ती वही आम्ही मिस्त्रीपुढे ठेवली. त्याने गाडी सुरू करून हँडल डावीकडे पूर्ण वळवले, आणि इंजिन तत्क्षणी बंद पडले! किल्लीच्या स्विचकडे जाणारी तार हँडलच्या मानेपाशी आवळून बांधली गेली होती. वरचे आवरण शाबूत, आत तांबे तुटलेले. वर्कशॉपमध्ये गाडी सरळ उभी असे, म्हणून दोष दिसत नसे. मिस्त्री खोटे बोलत नव्हता. त्याला पाहावयास मिळाले नव्हते एवढेच. वॉरंटीत काम फुकट झाले.

दोष सापडला नसता तर? वाचकांनो, तेव्हाही मार्ग आहे. सन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. मात्र आयोगापुढे आपला संताप कामास येत नाही, कागद येतो. म्हणून प्रत्येक खेपेस तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहवून घ्यावी आणि तिची प्रत घेतल्याखेरीज वर्कशॉपच्या बाहेर पडू नये.

वरचेवर येणाऱ्या व नाहीशा होणाऱ्या दोषापुढे माणूस एक तर भांडतो, नाही तर नशिबाला बोल लावून गप्प बसतो. यातील कोणत्याही मार्गाने आमची तुटकी तार सापडली नसती. आमची वही अजून गाडीच्या कागदपत्रांसोबतच असते. हल्ली तिच्यात पेट्रोल व किलोमीटर एवढ्याच नोंदी होतात, आणि त्या आमच्या पत्नी करतात.