सहा हजारांत दोन दिवस, दोघांचे

आमच्या शाळेतल्या बारा शिक्षिकांची भिशी आहे. प्रत्येकीचे महिन्याला पाचशे. मागच्या एप्रिलमध्ये माझा नंबर लागला आणि ६,००० रुपये हातात आले. दर वर्षी हे पैसे कशात जाणार ते आधीच ठरलेलं असतं. एका वर्षी मिक्सर, एका वर्षी पाण्याची टाकी, एका वर्षी थोरल्याच्या क्लासची फी. या वेळी मी पैसे कपाटात ठेवले आणि रात्री जेवणं झाल्यावर यांना म्हटलं, "यंदाचे पैसे आपल्या दोघांवर खर्च करायचे."

"म्हणजे?"

"मुंबईला जाऊ. दोन दिवस. नाटक बघू."

हे मेडिकल दुकानात कामाला आहेत. रविवारचीही अर्धी सुट्टी. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघंच गावाबाहेर गेलो ते कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला, नाहीतर नणंदेच्या बाळंतपणाला. फक्त एकमेकांसाठी म्हणून कधीच नाही.

नाटकच का, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या दिवशी मुलांना सांगते, आपल्या मिरजेच्या शेजारी सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी तिथून सुरू झाली. मुंबईत जुहूला पृथ्वी थिएटर उघडलं तेही ५ नोव्हेंबरलाच, १९७८ साली. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये फिरती नाटक मंडळी काढली होती. हिंदू-मुस्लिम दोस्तीवरचं 'पठाण' हे नाटक घेऊन ते गावोगाव फिरले. त्यांच्या आठवणीत शशी कपूर आणि जेनिफर यांनी हे छोटं थिएटर बांधलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे मुलांसाठी कार्यशाळा आणि नाटकं असतात. वर्गात इतक्या वेळा सांगितलं, पण ती जागा स्वतः कधी पाहिली नव्हती. त्या मोसमात प्रेमचंदांच्या 'ईदगाह'वर एक नाटक होतं. 'ईदगाह' मी कित्येक वर्षं शिकवलीय. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघावी.

घरात पहिला अडसर अम्मींचा. त्या म्हणाल्या, "इस उमर में नाटक-तमाशा देखने कू जाते क्या? लोगां क्या बोलेंगे?" सासूबाईंशी वाद घालायची आमच्या घरात रीत नाही. मी त्यांच्या पायांशी बसले आणि सहीह बुखारीतली हदीस सांगितली. ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. हजरत आयेशा (रजि.) यांना ते पाहायचे होते. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) त्यांना आडोसा देऊन उभे राहिले आणि त्यांचं मन भरेपर्यंत उभेच राहिले. बायकोचं मन रमावं म्हणून ज्यांनी असा वेळ दिला, त्यांची आपण उम्मत. कुठलाही तमाशा चालतो असा अर्थ मी यातून काढत नाही. काय बघायचं ते निवडावं लागतं, नमाजच्या वेळा सांभाळाव्या लागतात. पण नवरा-बायकोने मिळून चार घटका आनंदात घालवणं म्हणजे वाया घालवणं, असं मात्र नाही.

अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "नमाज नक्को छोड़ो."

दुसरा अडसर पैशांचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात बकरी ईद होती. कुर्बानीचे पैसे वेगळे ठेवलेले होते, त्यांना हात लावायचा नव्हता. मुलांच्या वह्या-पुस्तकांचेही नाहीत. कर्ज किंवा उसने तर नाहीतच. सहा हजार म्हणजे सहा हजार. रात्री वही उघडली आणि दोघं हिशोबाला बसलो.

पहिला आराखडा असा झाला. रेल्वेचं स्लीपरचं दोघांचं जाणं-येणं १,२५०. एका रात्रीचा लॉज १,६००. शनिवारी संध्याकाळचं एक मोठ्यांचं नाटक १,००० आणि रविवारचं 'ईदगाह' ७००, मिळून १,७००. लोकल, बस, रिक्षा ४५०. जेवणखाण १,६००. नणंदेच्या घरी आणि मुलांना काहीतरी न्यायला ८००. बेरीज ७,४००. चौदाशे जास्त.

हे लगेच म्हणाले, "लॉज काढून टाक. जोगेश्वरीला ताई आहे ना. तिच्याकडे उतरू, सोळाशे वाचले."

हिशोब बरोबर होता. पण नणंदेचं घर एका खोलीचं. माणसं प्रेमाची. गेलो की रात्री एक वाजेपर्यंत गप्पा, मी स्वयंपाकघरात, हे बाहेर भाऊजींबरोबर. मिरजेत जे आहे तेच जोगेश्वरीत. मला ते बोलून दाखवायला अवघड गेलं. शेवटी म्हटलं, "लॉज राहू दे. त्यापेक्षा शनिवारचं नाटक काढा."

"अगं, नाटकासाठीच तर चाललोय!"

मी काही बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि शनिवारच्या नाटकावर काट मारली. हजार कमी झाले. मग त्यांनीच सुचवलं, गाडीत घरचा डबा नेऊ आणि रविवारी दुपारी ताईकडे जेवू, म्हणजे तिलाही वाईट वाटणार नाही. जेवणाचे सोळाशेचे नऊशे झाले. बेरीज ५,७०० आली. उरलेले तीनशे अडीअडचणीला. एकोणीस वर्षांत घरखर्चाची वही मी एकटीच लिहीत आले. त्या रात्री पहिल्यांदा एका पानावर दोघांचं अक्षर होतं.

मे महिन्यात रेल्वेची तिकिटं मिळणं कठीण. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं जातानाचं कन्फर्म मिळालं, येतानाचं आरएसी. नाटकाची तिकिटं थोरल्याने मोबाइलवर काढून दिली. शुक्रवारी इशा पढून निघालो. अम्मींनी चपात्या, सुकं मटण आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. दोन माणसांना नव्हे, चौघांना पुरेल एवढी.

सकाळी दादरला उतरून लोकलने अंधेरीला. लॉज साधा, पण चादरी स्वच्छ. दोघांची आधार कार्डं दाखवली, बॅग ठेवली. दुपारी उन्हात कुठेही न जाता झोपलो. भरदुपारी, कुणी हाक न मारता, दोन तास! मला वाटतं, सोळाशे रुपये तिथेच वसूल झाले. संध्याकाळी जुहूच्या चौपाटीवर गेलो. एक भेळ घेतली आणि दोघांत खाल्ली. मगरिबची वेळ होईपर्यंत वाळूत बसलो. काय बोललो ते आता आठवत नाही. मुलांचा विषय मात्र एकदाच निघाला.

रविवारी नणंदेकडे बिर्याणी झाली, जोहर पढली आणि तीनला उठलो. ती रागावली, पण उठलोच. पृथ्वीला खुर्च्यांवर नंबर नसतात, रांगेत जो पुढे त्याला जागा. आणि नाटक सुरू झालं की दार बंद, उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. रांगेत सगळे आईबाप मुलांना घेऊन उभे. पुढच्या एका छोट्या मुलीने मला विचारलं, "आंटी, तुमचं बाळ कुठाय?" मी यांच्याकडे बोट दाखवलं.

आत जेमतेम दोनशे माणसांची जागा. तिन्ही बाजूंना प्रेक्षक, मध्ये रंगमंच, इतका जवळ की नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. 'ईदगाह'ची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पोरका हमीद, त्याची दादी अमीना, ईदची जत्रा आणि खिशात तीन पैसे. बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद मन मारत फिरतो आणि शेवटी लोखंडी चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना दादीची बोटं भाजतात. आजवर वर्गात मी या गोष्टीवर 'हमीदचे गुण लिहा' असे प्रश्न घातले. तिथे हमीद माझ्यापासून चार हातांवर उभा होता, मिठाईच्या दुकानाकडे बघत. मला पहिल्यांदा जाणवलं, त्याला भूक लागली होती. हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. वळून पाहिलं तर हे रुमालाने चष्मा पुसत होते.

बाहेर येऊन जवळच असर अदा केली. दादरला वेळेत पोहोचलो. स्टेशनबाहेरच्या बाजारात हे थांबले आणि अडीअडचणीच्या तीनशेतून अम्मींसाठी मऊ तळव्यांच्या चपला घेतल्या, अडीचशेच्या. अम्मींच्या टाचा दुखतात, हे मला माहीत होतं, पण वहीत लिहायचं सुचलं नव्हतं.

आरएसी म्हणजे एका बर्थवर दोघं. साइडच्या सीटवर समोरासमोर बसून रात्र काढायची. कर्जत मागे पडल्यावर हे सांगू लागले. नववीत असताना त्यांच्या वर्गाची सहल मुंबईला निघाली होती. अब्बा जाऊन पाच वर्षं झाली होती. अम्मी रात्री उशिरापर्यंत मशीनवर ब्लाउज शिवायच्या. यांनी घरी सहलीचं सांगितलंच नाही. सहलीच्या सकाळी पोट दुखतंय म्हणून झोपून राहिले. अम्मींनी ओवा दिला, पोट शेकलं आणि त्या दिवशी शिलाई बंद ठेवून जवळ बसल्या. "तेव्हापासून मुंबई म्हटलं की मला ओव्याचा वास येतो," ते म्हणाले. एकोणीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार करतेय. त्यांना सहली का आवडत नाहीत, मुलांच्या सहलीचे पैसे मात्र ते पहिल्याच दिवशी का भरतात, ते मला त्या रात्री कळलं.

अनेक घरांत मी बघते, नवरा-बायको एकमेकांशी बोलतात ते सिलिंडर, फी, औषधं आणि पाहुणे याबद्दल. वाईट काही नसतं, पण बाकीचं सगळं राहून जातं. त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ठिकाणी एक दिवस जाऊन आलात तरी चालेल. फक्त तीन गोष्टी पाळा. कुर्बानी, जकात, मुलांचं शिक्षण यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यातून आकडा ठरवा आणि तो ओलांडू नका. आणि हिशोब दोघांनी बसून लिहा.

घरी आल्यावर अम्मींनी चपला पाहिल्या आणि यांना रागावल्या, "इत्ते पैसे कायकू डाले?" दुसऱ्या दिवशी फज्रला त्या चपला घालूनच वुजूला गेल्या.

माझ्या वहीत आता 'दोघांसाठी' असं एक सदर आहे. महिन्याला दोनशे रुपये. पहिल्या महिन्याचे दोनशे यांनी न सांगता आणून ठेवले.