ज्यांच्या हातात दावं असतं

हेब्बाळ, बंगळूर

ती. आण्णांस,


तुमच्या निवृत्तीचा समारंभ झाल्यावर फोनवर तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांनी टोचलं, आपण नुसतं जनावर धरलं." ते मला पटलेलं नाही. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या जवळच पशुलशी तयार करणारी जुनी सरकारी संस्था आहे. म्हैसूर संस्थानाच्या काळात, १९२५ साली, ती सुरू झाली ती गुरांच्या बुळकांड्याविरुद्धचा सीरम करायला. आजी ज्या रोगाचं नाव तिन्हीसांजेला घेऊ द्यायची नाही, तोच हा. सीरमचा असर थोडेच दिवस टिकायचा. मुक्तेश्वरला एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरात विषाणू वाढवून लस केली, पुढे केनियात प्लोराईट यांनी त्याहून सुरक्षित लस शोधली. १९५४ पासून आपल्याकडे देशभर मोहीम चालली. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५चा, आणि २०११ साली सगळं जग बुळकांड्यामुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग.

एडवर्ड्स आणि प्लोराईट आमच्या पुस्तकात आहेत, आणि असायलाच हवेत. पण मोहिमेतली लस म्हणजे सुकवलेली पूड. द्रावणात कालवली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. म्हणजे बाटली फोडायच्या आधी जनावरं एका जागी हजर हवीत. ती कुणी आणली? आदल्या संध्याकाळी वस्त्यांवर कोण फिरलं? अंगावर धावून येणारा खिलार कोणी आवरला? या माणसांचं नाव पुस्तकात नाही. हे मला सलतं, कारण ते काम मी घरात पाहिलं आहे.

तुमचा बर्फ आठवतो. लाळ्या खुरकुताची लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, आणि गोठली तर ती वाया. फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे पॅक तुम्ही तसेच डब्यात भरत नव्हता. ओट्यावर मांडून ठेवायचा, मग एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच बाटल्यांशेजारी. पहाटे घाई असली तरी कधी चुकला नाहीत. इथे शीतसाखळीच्या तासाला हीच कृती शिकवली, तेव्हा वर्गात मला ती नवी नव्हती.

आणि जनावर धरणं म्हणजे "नुसतं" कसं? दवाखान्यात खोडा असतो, वस्तीवर कुठला? डाव्या हाताची दोन बोटं नाकपुड्यांत, उजव्या हातात दावं, मान आपल्या अंगाकडे वळवलेली, पाय खुराच्या टप्प्याबाहेर. मान हलली तर सुई वाकते, अर्धा डोस कातडीवर सांडतो, आणि वहीत मात्र "लसीकरण झाले" अशी नोंद पडते. ते जनावर पुढच्या साथीत आजारी पडलं की मालक म्हणतो लस खोटी. लस खरी ठरवणारा माणूस त्या क्षणी दावं धरून उभा असतो.

मालकाशी बोलणंही तुमच्याकडेच. दोन दिवस दूध थोडं कमी येईल, हे तुम्ही लपवत नव्हता. म्हणून लम्पीच्या २०२२ च्या साथीत, गाईला शेळ्यांच्या देवीची लस कशाला, असं लोक विचारत होते, तेव्हाही तुमच्या शब्दावर गोठे उघडले.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला. १३,३४३ कोटींची तरतूद, बारा आकडी बिल्ला, मोबाईलवर नोंद. हे सगळं हवंच होतं. पण कानात बिल्ला मारताना डोकं कुणीतरी धरावं लागतं, आणि ते धरणारे परिचर, व्रणोपचारक, रोजंदारीवरचे पोरगे कमी पडले तर आकडे भरतील, जनावरं उरतील. माझं मत स्पष्ट आहे: त्यांचं नाव नोंदीत यावं, त्यांना रीतसर शिकवावं, आणि हातमोजे-चष्मा डॉक्टरांइतकाच त्यांनाही मिळावा.

चष्म्याचं मी मुद्दाम लिहिते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची लस देतात. तिच्यात जंतू जिवंत असतात. कालवड उसळून सुई हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर माणसालाही ब्रुसेलाचा ताप येऊ शकतो. सुटतो, पुन्हा येतो, सांधे धरतो. तुम्ही उघड्या हातांनीच धरत होता. गाभण गाईने गाभ टाकला की वारही त्याच हातांनी काढत होता, आणि त्यात तर धोका अधिक.

म्हणून एक ऐका. संध्याकाळची कणकण आणि गुडघ्यांचं दुखणं वयामुळेच आहे, असं धरून चालू नका. येत्या आठवड्यात दादाला घेऊन मिरजेला जा आणि ब्रुसेलासाठी रक्त तपासून घ्या. आयुष्यभर कोणतं काम केलंत, ते डॉक्टरांना आधी सांगा, सगळं सांगा. ते विचारतीलच असं नाही. रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला लगेच पाठवा.

आईस नमस्कार.

तुमची,
ताई