कानपूरनंतरची बारा वर्षं

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलाने बॅट कपाटावर टाकून दिली. सोळा वर्षांखालच्या जिल्हा संघाची यादी लागली होती आणि तिच्यात त्याचं नाव नव्हतं. रात्री जेवायला बसला, पण भाकरी तशीच ताटात. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "अब्बू, नाम देख के निकाला मुझे."

दस्तरखानावर कोणी काही बोललं नाही. आम्ही दोघंही शिक्षक, प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय. पण इथे काय सांगणार? "तसं काही नसतं बेटा" म्हणावं, तर आम्हालाच त्याची खात्री नाही. "हो" म्हणावं, तर तेही आम्हाला माहीत नाही. शिवाय एकदा ते मनात बसलं, की पुढे धावा कमी पडल्या तरी पोरगा स्वतःच्या खेळाकडे बघणार नाही. दादी तेवढी म्हणाली, "पहले खाना खा ले."

त्या रात्री आमच्या बोलण्यात वसीम जाफरचं नाव आलं. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना त्याचं अप्रूप आहेच. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. विजयी फटका वसीमच्या बॅटमधून निघाला तेव्हा आमचं अख्खं घर टीव्हीसमोर होतं. मुलगा लहान होता. त्याच दिवशी त्याने प्लास्टिकच्या बॅटसाठी हट्ट धरला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जवळ बसवलं आणि वसीमची गोष्ट सांगितली. नेहमी सांगतात तेवढीच नाही, पूर्ण.

वसीमचा जन्म 1978 चा, मुंबईचा. वडील बेस्टच्या बसचे ड्रायव्हर. मुलांपैकी एकाने तरी देशासाठी खेळावं, ही त्यांची जिद्द. वसीम अंजुमन-इ-इस्लाम शाळेत शिकला आणि 15 व्या वर्षी शालेय सामन्यात त्याने नाबाद 400 धावा काढल्या. 1996-97 च्या हंगामात मुंबईकडून प्रथम श्रेणीचा दुसराच सामना खेळताना राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद 314.

इथवर मुलगा मान डोलवत होता. अशा गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. मग आम्ही पुढचं सांगितलं.

2000 साली वानखेडेवर, म्हणजे घरच्याच मैदानावर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याची पहिली कसोटी झाली. धावा 4 आणि 6. लवकरच संघातून बाहेर. मग परत आत, परत बाहेर. पहिलं कसोटी शतक यायला 2006 उजाडलं. तेही आपल्या नागपुरात, इंग्लंडविरुद्ध. त्याच वर्षी अँटिग्वात वेस्ट इंडीजविरुद्ध 212. 2007 मध्ये चितगावला बांगलादेशाविरुद्ध दोन्ही डावांत शून्य आणि लगेच पुढच्या ढाक्याच्या कसोटीत शतक. त्याच वर्षी कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध 202.

एप्रिल 2008 मध्ये कानपूरला तो दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळला. वय 30. एकूण 31 कसोटी, 1944 धावा, 5 शतकं. त्यानंतर भारतीय संघाचं बोलावणं आलंच नाही.

"फिर कभी नहीं लिया?" मुलाने विचारलं.

"नाही."

"फिर भी खेला?"

आम्हाला जे सांगायचं होतं ते इथेच होतं. कानपूरनंतर वसीम जवळजवळ बारा वर्षं खेळला. मुंबईचा कर्णधार म्हणून 2008-09 आणि 2009-10 असे सलग दोन रणजी करंडक जिंकले. 2015 मध्ये विदर्भाकडे आला. एक हंगाम दुखापतीत गेला, तरी संघटनेने ठरलेले पैसे दिले, म्हणून पुढच्या हंगामात त्याने व्यावसायिक खेळाडूचं मानधन घेतलं नाही. तोच हंगाम इंदूरच्या विजयाचा. मार्च 2018 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, नागपुरात इराणी करंडकात 286. पुढच्या हंगामात हजारावर धावा आणि विदर्भाला दुसऱ्यांदा करंडक. रणजीत 12 हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज. मार्च 2020 मध्ये थांबला तेव्हा प्रथम श्रेणीत 260 सामने, 19,410 धावा आणि 57 शतकं नावावर होती.

यातल्या बऱ्याच धावा रिकाम्या स्टँडसमोर झाल्या. रणजीच्या सामन्याला किती लोक जातात, आपल्याला ठाऊक आहे. सब्र म्हणजे हात बांधून वाट पाहणं, असा आपल्या घरांतून समज असतो. वसीमचा सब्र रोज सकाळी पॅड बांधून मैदानात उतरत होता.

नावाचा प्रश्न मात्र आम्ही टाळला नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये वसीमने उत्तराखंड संघाचं प्रशिक्षकपद सोडलं. निवडीत हस्तक्षेप होतो, हे कारण त्याने दिलं. त्यानंतर त्याच्यावर धर्मावरून पक्षपात केल्याचे आरोप झाले. इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्याने काय केलं? पत्रकारांसमोर बसून एकेक आरोप घेतला आणि एकेकाचं उत्तर दिलं. ना शिवीगाळ, ना रडगाणं. अनिल कुंबळे उघडपणे त्याच्या बाजूने उभे राहिले.

म्हणून मुलाला आम्ही एवढंच म्हणालो, "बेटा, तुला का घेतलं नाही ते आम्हाला माहीत नाही. नावामुळे असेल तर तो अन्याय आहे, आणि तसं दिसलं तर आम्ही दोघं जाऊन विचारू. पण तू ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावतोस, हे तुझे सर दोन वर्षं सांगताहेत. ते आधी तू बघ."

तो काही बोलला नाही. बॅट आणखी पंधरा दिवस कपाटावरच राहिली. मग एका रविवारी सकाळी अंगणातून टकटक ऐकू आली. दोरीला मोज्यात चेंडू बांधून एकटाच खेळत होता. यंदा त्याची दहावी आहे, संध्याकाळचा तास खेळाचा, बाकी अभ्यासाचा, असं वेळापत्रक त्यानेच भिंतीवर लावलंय. पुढच्या यादीत नाव येईल की नाही, अल्लाह जाणे.

आपल्या मुलांना मोठ्या माणसांच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो, पण बहुतेक वेळा नाबाद 400 वर थांबतो. एकदा 4 आणि 6 पासून सुरू करून पाहा, आणि कानपूरनंतरची बारा वर्षंही सांगा. यादीत नाव न आलेली मुलं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना त्याच भागाची जास्त गरज असते.