जीपला मोठं इंजिन

नवेगावबांधच्या पट्ट्यात आमची शेती कन्हार जमिनीत आहे. काळी, भारी माती. एक जोराचा पाऊस झाला की टायरच्या नक्षीत अशी बसते की चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. शेतापर्यंत रस्ता नाही, धुऱ्याधुऱ्यानेच जावं लागतं. घरी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप होती आणि तिच्यामागे दोन चाकांची ट्रॉली. एकूण चाकं सहा, ओढणारी चारच. रोवणीत पऱ्ह्यांच्या पेंड्या आणि खत, चुरणीनंतर धानाची पोती, सगळं तिच्यावरच.

त्या जीपला मूळ इंजिन होतं एक्सडीपी ४.९०. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून महिंद्राने १९७९ साली त्याचा परवाना घेतला होता. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. रस्त्यावर फार गोड इंजिन. कोहमाऱ्याहून देवरीकडे हायवेने जाताना तक्रारीला जागा नव्हती. पण त्याचा स्ट्रोक ८३ मिलिमीटरचा, म्हणजे बोअरपेक्षा कमी. त्याला फेऱ्या हव्यात, तेव्हा ते जोर देतं. चिखलात भरलेली ट्रॉली ओढताना फेऱ्या वाढवल्या की चाक घसरतं, कमी ठेवल्या की इंजिन बंद पडतं. शिवाय डिसेंबरच्या थंडीत सकाळी हिटर लावून थांबायचं, तेव्हा कुठे ते सुरू व्हायचं.

शेजारच्या गावात डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाची महिंद्राचीच कमांडर जीप होती. तिचं इंजिन २५२३ सीसी, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. बोअर जवळपास तेवढाच, पण पिस्टनचा प्रवास दोन सेंटिमीटरला थोडा कमी एवढा जास्त. त्यामुळे ते हळू फिरूनही ओढतं. १०१.६ मिलिमीटर म्हणजे बरोबर चार इंच, आणि शेतकऱ्यांच्या ओळखीच्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचा स्ट्रोकही चारच इंच. जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवणं ही महिंद्राचीच जुनी रीत. मला हे कळलं आणि आपल्या जीपला डीआय इंजिन बसवायचं, हे मनात पक्कं झालं.

अपघातात गेलेल्या एका कमांडरचं इंजिन पक्क्या बिलासह मिळालं. गोंदियातल्या मिस्त्रींनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, इंजिन त बसवून देतो मी. पण ते आपल्या संगं आणखी चार कामं आणन. तयारी असन त सांगा.”

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. डीआय जड, म्हणून पुढच्या कमान पाट्यांत एकेक पान वाढवावं लागलं. चेसिसवरचे जुने फाउंडेशन कापून नवे वेल्ड केले. इंजिन चेन-पुलीवर लटकवून मिस्त्री खाली झोपायचे आणि इंजिनाखालची तेलाची टाकी पुढच्या ॲक्सलपासून किती वर राहते ते बोटांनी मोजायचे. पाटे पूर्ण दबले तरी दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. रेडिएटर मोठा घेतला, क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली.

सर्वात जास्त वेळ बेल हाउसिंगला गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला हा भाग केसभर जरी सरकून बसला तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट तिरका फिरतो आणि बेअरिंग खातो. मिस्त्रींनी फ्लायव्हीलला डायल गेज बांधला, हाताने इंजिन फिरवलं, काटा जिथे हलला तिथे खडूने खूण केली, बोल्ट सैल करून पुन्हा बसवलं. दुसरा कोणी असता तर नजरेने जुळवून मोकळा झाला असता. ते काटा स्थिर होईपर्यंत उठले नाहीत. या माणसाचं ऋण मी कायम मानतो.

पहिल्याच पावसाळ्यात फरक दिसला. फोर व्हील आणि लो गिअर लावून भरल्या ट्रॉलीसह धुरा चढताना ॲक्सिलेटर जवळजवळ द्यावाच लागला नाही. थंडीत हिटरची गरज संपली. मात्र हायवेवरचा वेग कमी झाला. मागचं क्राउन-पिनियन जुनंच होतं आणि नवं इंजिन तेवढ्या फेऱ्या घेत नाही. मला त्याचं दुःख नाही, जीप शेतासाठीच होती. काळजी होती ब्रेकची. जास्त ओझं ओढता येतं म्हटल्यावर माणूस जास्त भरतो, आणि चारही चाकांना जुने ड्रमच. म्हणून व्हील सिलिंडर आणि लायनर नवे टाकले, आणि ट्रॉलीत पूर्वीइतकीच पोती भरायची हा घरात नियम केला.

कागदपत्रांची गोष्ट सर्वात महत्त्वाची. हे काम २०१९ च्या आधीचं आहे. तेव्हा आधी आरटीओची परवानगी घेतली, इंजिनाचं बिल जोडलं, तपासणी करून घेतली आणि आरसीवर इंजिनाचा नवा नंबर चढवला; विमा कंपनीलाही कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. निकामी इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन, तेही परवानगीनेच.

म्हणून आज कोणी विचारायला आलं तर मी इंजिन बदलायला सांगत नाही. जुनं इंजिन खोलून नवे पिस्टन-रिंग टाका. जास्त ओढ हवीच असेल तर कंपनीतूनच डीआय इंजिन लागून आलेली जीप शोधा, आणि पैसे देण्याआधी ब्लॉकवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहा.