कातळ एक, माती दोन

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी प्राकृतिक भूगोल वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. या विषयातली प्रकरणं सुटी सुटी पाठ केली तर तो कधीच संपत नाही. कारणांचा धागा धरून वाचली तर आटोक्यात येतो. अकरावीच्या एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात खडक एका प्रकरणात भेटायचे, विदारण दुसऱ्यात आणि पाऊस त्याच्याही पुढे. शिकवण्यासाठी ही विभागणी सोयीची आहे. पण बहुतेक नोट्सही तसेच कप्पे करतात आणि आपण प्रत्येक कप्प्याची वेगळी रिव्हिजन करत बसतो. जमिनीवर यातलं काहीच वेगळं नसतं, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्रातच आहे.

दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून तयार झाला. दक्षिण कोकणात त्याच बेसॉल्टचा जांभा झाला आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला काळी कसदार माती झाली. खडक एकच, मग फरक कशाने पडला? कोकणात दीर्घकाळ भरपूर पाऊस आणि उष्णता मिळाली. पाण्याने सिलिका आणि चुन्यासारखे विरघळणारे घटक वाहून नेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली. पठारावर पाऊस कमी, त्यामुळे हे धुऊन जाणं कमी. तिथे चिकणमाती टिकली. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि ओल धरून ठेवते म्हणून कापसाला मानवते. आता पाऊसच कमी-जास्त का, असं विचारलं की उत्तर सह्याद्रीपाशी येतं. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. पलीकडे उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावरच्या वाईत हजार मिलिमीटरसुद्धा पडत नाही. खडक, विदारण, वारे, पाऊस, मृदा आणि पीक अशी सहा प्रकरणं या एका साखळीत येतात, आणि त्यातली एक कडी विसरली तरी उरलेल्यांवरून ती शोधता येते.

घरच्या उदाहरणावर शिकलेला विद्यार्थी जगाच्या भूगोलात अडेल, असा आक्षेप यावर घेता येईल. सह्याद्रीत हिमनदी नाही आणि महाराष्ट्रात वाळवंट नाही, हे खरंच आहे. पण घराजवळून उचलायचा असतो तो प्रश्न. उत्तर प्रत्येक ठिकाणी नव्याने काढावं लागतं. ‘डोंगराच्या पूर्वेला पर्जन्यछाया’ एवढंच ज्याने पाठ केलं, तो अँडीजपाशी फसतो. पॅटागोनियात पश्चिमी वारे असल्यामुळे पर्वताची पूर्व बाजू कोरडी आहे. त्याच पर्वतरांगेच्या उत्तरेकडे अटाकामाचं वाळवंट मात्र पश्चिम बाजूला आहे, कारण तिथे उपोष्ण कटिबंधातला जास्त वायुदाब आणि किनाऱ्यालगतचा थंड पेरू प्रवाह हवेला वर चढू देत नाहीत, आणि पूर्वेकडून येणारं बाष्पही पर्वत अडवतो. वारा कुठून येतो, हवा वर चढते की खाली उतरते, समुद्राचं पाणी थंड की उबदार, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय असेल तर दोन्ही प्रदेशांचा उलगडा होतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. पूर्व परीक्षा वस्तुनिष्ठ असते, भूगोलाचे प्रश्न मोजके असतात, मग इतक्या खोलात कशाला जायचं? मला वाटतं, वेळ कमी आहे म्हणूनच जायचं. अलीकडे दोन विधानं देऊन दुसरं पहिल्याचं कारण आहे का, असं थेट विचारलं जातं. दोन्ही विधानं खरी आहेत एवढं माहीत असून तिथे भागत नाही, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात तर भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी आणि चक्रीवादळं नावानिशी अभ्यासक्रमात आहेत; तिथे व्याख्या लिहून फार गुण मिळत नाहीत, प्रक्रिया उलगडावी लागते. सामुद्रधुन्या, शिखरं, नद्यांचे संगम यांची नावं मात्र तर्काने सुचत नाहीत. ती नकाशा समोर ठेवून पाठच करावी लागतात. पाठांतराचे श्रम तिथे खर्च व्हावेत. जे समजून घेता येतं ते घोकण्यात ते वाया जाऊ नयेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: कारणांची साखळी फार नीटनेटकी असते, निसर्ग तसा नसतो. द्वीपकल्प हा स्थिर भूभाग, असं आपण शिकतो. तरीही ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला विध्वंसक भूकंप झाला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसं गेली. पण कारण शोधणाऱ्यालाच असा अपवाद बोचतो. स्थिर म्हणजे ताण मुळीच नाही असं नव्हे, भूपट्टाच्या आतल्या जुन्या भ्रंशांवरही ताण साठतो, आणि कोयनेत धरणाच्या जलाशयाचाही संबंध जोडला जातो, इथपर्यंत तो पोचतो. नुसतं पाठ करणाऱ्याच्या वहीत ‘स्थिर’ हा शब्द तसाच राहतो.

आणि हा अभ्यास निकालाच्या दिवशी संपत नाही. जुलै २०१४ मध्ये माळीण गाव दरडीखाली गेलं. तीव्र उतार, विदारणाने सुटी झालेली माती आणि मुसळधार पाऊस ही तिन्ही कारणं पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. उद्या ज्याच्या हाती तालुका किंवा जिल्हा येणार आहे, त्याला ती एकाच डोंगरावर एकत्र दिसली, तर गाव हलवण्याचा निर्णय पावसाआधी घेता येईल. म्हणून प्राकृतिक भूगोलाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे की वाचलेल्या प्रत्येक विधानाला ‘का’ विचारा, आणि उत्तर दुसऱ्या प्रकरणात सापडलं तर ते प्रकरण त्याच दिवशी उघडा.