कोयीतला भाडेकरू

आंब्याच्या कोयीतला भुंगा हा मोठा सभ्य भाडेकरू. कैरी कोवळी असताना मादी सालीवर अंडे घालते. अळी गरातून थेट कोयीत शिरते आणि मागची वाट बुजून जाते. गराला ती सहसा धक्का लावीत नाही. तरी अशा किडींच्या धास्तीने अमेरिकेने आपल्या आंब्याला दार लावले होते. २००७ साली, लासलगावला किरणांचा मारा केल्यावर, ते उघडले.

कोल्हापुरात आमच्या घरी किरणे कुठली? यंदा सुपारीसाठी कोय फोडली, तर सोंड हलवीत स्वारी बाहेर! "पातेलंभर रस ओता मोरीत," सौभाग्यवती कडाडल्या. मी सारे शास्त्र सांगितले.

"मग तुम्हीच प्या आधी!"

प्यालो, चांगल्या दोन वाट्या. कोया मात्र त्यांनी परसात टाकू दिल्या नाहीत, बंबात घातल्या.